गाडीचं ॲव्हरेज आणि आपला इस्राफ

गेल्या रमजानच्या आधीच्या एका जुम्म्याची गोष्ट. आमच्या मिरजेतल्या मोहल्ल्याच्या मशिदीत त्या दिवशी खुतब्याआधीचं बयान रिबावर, म्हणजे व्याजावर होतं. इमामसाहेबांनी उदाहरण गाड्यांचं दिलं. हप्त्यावर घेतलेली गाडी, तिच्या हप्त्यातलं व्याज, ते टाळायचे मार्ग. मागच्या सफांत चुळबुळ झाली, कारण बसलेल्यांपैकी निम्म्यांची गाडी हप्त्यावरचीच होती. माझीही.

नमाज सुटली आणि सगळे बाहेर आले. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, त्यात चार-पाच मोठ्या एसयूव्ही. पुढची निघाल्याशिवाय मागची निघत नाही. मी आत बसलो, एसी लावला आणि मोबाइल बघत राहिलो. इतरांनीही तेच केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काचेवर टकटक झाली. आमच्या गल्लीतले एक चाचा होते, वय सत्तरीच्या पुढचं, दम्याचा त्रास. तोंडावर रुमाल धरून म्हणाले, “बेटा, निघायचं नसंल तर इंजिन तरी बंद कर. जीव गुदमरतोय.”

मी इंजिन बंद केलं. मशिदीपासून माझं घर नऊशे मीटरवर आहे.

घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात होता. गाडी घरात कशी आली, हलाल पैशाने की व्याजाच्या, यावर आपण तासभर बोललो. बोलायलाच हवं. पण आलेली गाडी आपण कशी वापरतो, रोज तिच्यात काय जाळतो आणि कशासाठी जाळतो, यावर मी आजवर एकही बयान ऐकलेलं नाही. वाहत्या नदीच्या काठी बसून वुजू करत असलात तरी गरजेपेक्षा जास्त पाणी वापरू नये, ही प्रेषित मुहंमद (स.) यांची शिकवण आपल्या मकतबमधल्या लहान पोरालाही ठाऊक असते. त्याला आपण इस्राफ म्हणतो. जी गोष्ट जायज आहे, तिच्यातही हद्द ओलांडणं म्हणजे इस्राफ. पाण्याचा नळ उघडा राहिला तर मशिदीतला कुणीही उठून बंद करतो. मग गाडीचं इंजिन उघडं राहिलं तर कुणालाच का खटकत नाही?

हा प्रश्न मला नुसता दीनदारीचा वाटला नाही, त्याला घरचंही एक कारण होतं. माझी थोरली लेक कोल्हापूरला शिकते. मिरजेहून रोज रेल्वेने जाते, रोज परत येते. परीक्षेच्या काळात तरी कॉलेजजवळ खोली घेऊन राहू द्या, म्हणून तिने दोनदा विचारलं होतं. महिन्याला साडेपाच हजारांचा प्रश्न होता. “आत्ता जमत नाही, बेटा” असं मी दोन्ही वेळा सांगितलं होतं. त्या जुम्म्याच्या संध्याकाळी मी पंपाच्या पावत्या जमवल्या. गाडीत, पाकिटात, ड्रॉवरमध्ये जेवढ्या सापडल्या तेवढ्या. महिन्याला दहा हजारांच्या वर डिझेल जात होतं. हा आकडा मला माहीत नव्हता, याचीच जास्त लाज वाटली. घरातल्या किराण्याचा हिशेब मी पैशापर्यंत सांगू शकतो.

पुढचे तीन महिने मी गाडीचा हिशेब ठेवला. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो आहे. मी मेकॅनिक नाही. पण ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आधी मोजायचं कसं ते सांगतो, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच आहे. गाडीच्या पडद्यावर दिसणारं ॲव्हरेज हा अंदाज असतो, आणि माझ्या गाडीत तो खऱ्यापेक्षा नेहमी थोडा गोड निघाला. खरी पद्धत जुनीच आहे. टाकी फुल करायची, नळी आपोआप बंद झाली की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं. पुढच्या वेळी पुन्हा फुल करायची आणि झालेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागायचं. एकदाच करून उपयोग नाही, तीन-चार वेळा करून सरासरी काढायची. पाचशे-हजाराचं डिझेल टाकत फिरणाऱ्याला आपल्या गाडीचं ॲव्हरेज कधीच कळत नाही. मीही त्यातलाच होतो.

माझी गाडी सात आसनी, सव्वादोन लिटरच्या आसपासच्या डिझेल इंजिनाची, २०२१ सालची. विकत घेताना कागदावर सोळाच्या वर ॲव्हरेज लिहिलेलं होतं. माझ्या हिशेबात पहिल्या महिन्यात ते १०.४ निघालं. तुमच्याही मनात लगेच येईल तेच माझ्या मनात आलं, की आपल्याला फसवलं. पण तसं नाही. पुण्यात कोथरूडच्या वर ज्या टेकडीला लोक एआरएआयची टेकडी म्हणतात, त्या संस्थेच्या नावाने हा आकडा आपल्याकडे ओळखला जातो. ही चाचणी प्रयोगशाळेत होते. गाडी रुळांवर उभी करून, ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग वाढवत-कमी करत चालवतात. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. खड्डे नसतात, घाट नसतो, ऊस भरलेल्या ट्रॉलीमागची रांग नसते, आणि सात माणसं व दोन देगा भरलेली डिकीही नसते. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला आहे. आपल्या खिशाचा हिशेब करायला नाही.

दुसरी गोष्ट मी केली ती म्हणजे गाडी कधी, कुठे, किती माणसं घेऊन निघाली ते महिनाभर डायरीत लिहिलं. घरच्यांनी थट्टा केली. महिन्याच्या शेवटी थट्टा थांबली. एका महिन्यात गाडी घरून ६४ वेळा निघाली होती. त्यातल्या ४१ फेऱ्या जाऊन-येऊन चार किलोमीटरच्या आतल्या होत्या. मशीद, ट्यूशन, दूध, मटण, औषधं, नाक्यावरचा चहा. आणि त्या ४१ पैकी ३० हून जास्त फेऱ्यांत गाडीत एकटा माणूस होता.

आता जरा विचार करा. अशा गाडीचं वजन दोन टनांच्या घरात असतं. माझं पंच्याहत्तर किलो. म्हणजे पंच्याहत्तर किलोचा माणूस मशिदीपर्यंत न्यायला मी दोन हजार किलो लोखंड हलवतो. डिझेल बहुतांशी ते लोखंड हलवायलाच जळतं. त्यात इंजिन थंड असतं. थंड इंजिन, थंड ऑइल, थंड गिअरबॉक्स, या सगळ्याला घर्षण जास्त. गाडी तापून ताळ्यावर येते तोवर आपण पोहोचलेलो असतो. म्हणून छोट्या फेऱ्यांचं ॲव्हरेज सगळ्यात वाईट येतं.

२०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांना तर याचा आणखी एक फटका आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी भरली की गाडी थोडं जादा डिझेल जाळून, ती तापवून, आतली काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी सलग काही वेळ, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. आपण दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारत राहिलो की हे काम दर वेळी अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा राहतं. डिझेल जातंच आणि शेवटी दिवा लागतो. माझ्या गाडीत तो दोनदा लागला होता. मी मेकॅनिकवर चिडलो होतो. तो शांतपणे म्हणाला होता, “साहेब, गाडी लांब पळवायला घेतलीत आणि दूध आणायला वापरताय.” तेव्हा ते मला लागलं. आता पटतं.

तिसरी गोष्ट, पायाची. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नोंदवलं आहे, की धसमुसळेपणाने गाडी चालवली, म्हणजे जोरात ॲक्सिलरेटर दाबायचा आणि जोरात ब्रेक मारायचा, तर हमरस्त्यावर पंधरा ते तीस टक्के आणि गर्दीत दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत ॲव्हरेज घसरू शकतं. प्रत्येक ब्रेक म्हणजे आधी जाळलेल्या डिझेलची उष्णता करून फेकून देणं. पुढे सिग्नल लाल दिसतो आहे, तरी तिथपर्यंत गाडी पळवायची आणि मग कचकन ब्रेक दाबायचा, ही आपली सवय. त्याऐवजी दुरूनच पाय उचलायचा. डिझेल इंजिनाला ताकद खालच्या फेऱ्यांतच मिळते. काटा दोन हजाराच्या आसपास आला की वरचा गिअर टाकावा, गाडी घरघरेल इतका लवकर मात्र नाही. एवढ्यानेच माझ्या सांगलीच्या रोजच्या जाण्यायेण्यात फरक पडला, आणि वेळ दोन मिनिटांनीही वाढला नाही.

वेगाचं गणित तर शाळेतलंच आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. एकशे दहावर तो जवळपास दुप्पट होतो. एसयूव्ही उंच, रुंद, समोरून भिंतीसारखी, म्हणून छोट्या गाडीपेक्षा तिला हा फटका जास्त. मी पेठ नाक्यावरून पुण्याला दोनदा गेलो. एकदा ऐंशी-पंच्याऐंशीने, एकदा माझ्या पुतण्याच्या हातात गाडी देऊन, एकशे पाच-दहाने. पहिल्या वेळी १४.९, दुसऱ्या वेळी ११.८. जवळपास चार लिटरचा फरक, म्हणजे साडेतीनशेच्या वर रुपये. वाचली पंचवीस मिनिटं. ती आम्ही साताऱ्याच्या पुढे चहाला घालवली.

त्याच पुतण्याची एक सवय मला गंभीरपणे सांगायची आहे, कारण ती जिवावर बेतू शकते. आमची सासुरवाड चिपळूणची. कुंभार्ली घाट उतरताना तो गाडी न्यूट्रल करतो, डिझेल वाचतं म्हणून. ही समजूत आपल्याकडे ड्रायव्हर लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आजच्या गाडीत ती उलटी आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि गाडीचा संगणक डिझेलचा पुरवठा जवळजवळ तोडतो. न्यूट्रल केली की इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे वाचत काही नाही. शिवाय इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. त्या दिवशी अर्ध्या घाटात ब्रेकचा जळका वास आला. मागे अम्मी होत्या, दोन लेकरं होती. मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि अर्धा तास थांबलो. वाचवायचं असेल तर घाट ज्या गिअरने चढतो त्याच्याच आसपासच्या गिअरने उतरा. डिझेलही वाचेल, माणसंही वाचतील.

आता छोट्या-छोट्या गोष्टी. टायरमधली हवा मी मोजली तेव्हा ३३ च्या जागी २५ ते २८ होती. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, माणसं भरून जायचं असेल तर वेगळा आकडा असतो. पंपावरचा पोरगा अंदाजाने भरतो त्यावर जाऊ नका, आणि टायर गार असताना मोजा. यातून ॲव्हरेज एखाद-दोन टक्केच वाढेल, पण टायर टिकतो आणि ब्रेक नीट लागतो. टपावरचा कॅरिअर आम्ही एकदा कोकणात जाताना लावला होता, तो दीड वर्ष तसाच होता. टपावर मोठी चौकोनी पेटी लादून हमरस्त्याच्या वेगाने गेलं तर दहा ते पंचवीस टक्के इंधन जास्त लागू शकतं. रिकामा कॅरिअर तेवढं खात नाही, पण फुकटही जात नाही. काढून ठेवला. डिकीतून एक देग, दोन सतरंज्या, जुनी बॅटरी आणि कसलीशी पोती निघाली, साठेक किलो तरी. पुतण्याला रुंद टायर आणि पुढचा लोखंडी गार्ड बसवायचा होता. रुंद टायर जास्त ओढ लावतात. गार्डबद्दल तर केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. पायी चालणाऱ्याला तो जीवघेणा आहे, आणि धडकेच्या वेळी आपल्याच एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो.

एसीबद्दल घराघरात वाद असतात. गावात, कमी वेगात, काचा उघडून चाललं तर डिझेल वाचतं. हमरस्त्यावर ऐंशीच्या पुढे उघड्या काचा वारा अडवतात, तिथे काचा लावून एसी बरा. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर एसी फुल करण्यापेक्षा दारं उघडून गरम हवा जाऊ द्यावी आणि पहिली दोन-तीन मिनिटं काचा उघड्या ठेवून चालावं. आणि उभ्या गाडीत एसी लावून बसणं, ज्यासाठी मला चाचांनी टोकलं, त्याचा हिशेब असा: एवढं इंजिन एसीसह उभ्या-उभ्या तासाला लिटरभराच्या आगेमागे डिझेल पितं. वीस मिनिटं म्हणजे तीन-साडेतीन किलोमीटरचं डिझेल. मी तेवढ्यात मशिदीतून घरी जाऊन, परत येऊन, पुन्हा घरी गेलो असतो.

एक गोष्ट मात्र विकत घेऊ नका. डिझेलच्या नळीवर बसवायचं लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, चार्जरच्या खोबणीत खोचायची डबी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर साधनं तपासली, बहुतेकांनी काहीही फरक पडला नाही. माझ्या एका मित्राने चुंबक बसवलं आहे आणि तो ते मनापासून मानतो. हाच मित्र दर्ग्यातल्या तावीजवाल्यांवर कडाडून टीका करतो. मी त्याला म्हटलं, “तू गाडीच्या गळ्यात तावीजच बांधलायस.” तो अजून रागावलेला आहे. एअर फिल्टरचंही सांगतो. तो वेळच्या वेळी बदलावा, पण आजच्या इंजिनांत फिल्टर तुंबल्याने पिकअप कमी होतो, ॲव्हरेजवर फारसा फरक पडत नाही. ज्यांची गाडी पेट्रोलवर आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी असते. ॲव्हरेज थोडं घसरलं तर सगळा दोष मेकॅनिकला देऊ नका.

तीन महिन्यांनी आकडे काय निघाले ते सांगतो. ॲव्हरेज १०.४ वरून १३ वर आलं. महिन्याचं चालणं १,२०० किलोमीटरवरून ९०० वर आलं, कारण आठवड्यातून दोन दिवस मी सांगलीला शेजाऱ्यांच्या गाडीतून जातो आणि छोट्या फेऱ्यांपैकी बहुतेक पायी किंवा मुलाच्या सायकलवर होतात. ११५ लिटरच्या जागी ६९ लिटर. लिटरला नव्वदच्या भावाने महिन्याला चार हजारांच्या वर वाचले. वर्षाचे पन्नास हजारांच्या घरात. एक लिटर डिझेल जळालं की दोन किलो सातशे ग्रॅमच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाने वर्षाला दीड टन कमी. आणि नीट बघितलं तर या बचतीतली जवळपास निम्मी गाडी चांगली चालवल्यामुळे आली, उरलेली गाडी दारात उभी ठेवल्यामुळे.

यावर माझे लोक मला तीन गोष्टी म्हणतात. तिन्हींत तथ्य आहे, म्हणून त्या टाळत नाही.

पहिली: अल्लाहने दिलंय, हलाल कमाईचं आहे, तर वापरू नये का? जरूर वापरावं. मी गाडी विकायला सांगत नाही. पण इस्राफ हरामाच्या पैशातच होतो असं कुणी सांगितलं? तो हलालाच्या पैशातच जास्त होतो, कारण तिथे आपलं मन खात नाही. कुवेतहून सुट्टीवर आलेले माझे मेहुणे दुकानात जाताना गाडी चालूच ठेवतात. तिकडे तेल जमिनीखालून निघतं, इथे देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून विकत आणावं लागतं. आणि तिकडेही तो इस्राफच आहे. नदीकाठच्या वुजूचा मुद्दा नेमका तोच आहे. मुबलक असलं तरी उधळायचं नाही.

दुसरी: मोठमोठे कारखाने, विमानं एवढं जाळतात, आपल्या एका गाडीने काय होणार? हवामानाच्या बाबतीत कदाचित फार नाही. पण त्या गल्लीतल्या चाचांच्या फुप्फुसात कारखान्याचा नाही, माझ्या आणि पुढच्या गाडीचा धूर जातो. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल दीनमध्ये किती बजावून सांगितलं आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. एक जण म्हणाला, “तू म्हणतोस एसटीने जा, रेल्वेने जा. दाढी-टोपीवाल्याने, बुरखेवालीने हल्ली डब्यात बसून बघ. आपली गाडी आहे म्हणून बायका-पोरं बेफिकीर जातात.” याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. माझ्या बायकोने या गाडीमुळेच कोकणातलं माहेर दर महिन्याला बघितलं. अम्मींचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. ही गाडी आमच्यासाठी नुसती मिजास नाही, ती मोकळीक आहे, आणि काही घरांसाठी सुरक्षितताही. मी एवढंच म्हणतो, की म्हणूनच ती जपून वापरू. अम्मींना चिपळूणला न्यायला ती आहे. मला नऊशे मीटरवर नमाजला न्यायला ती नाही. ज्या दिवशी सात जण भरून जातात त्या दिवशी तिच्यातला एक लिटर सात जणांत वाटला जातो. त्या दिवशी मी डिझेलचं वाईट वाटून घेत नाही.

आणि मिजासही आहेच, ते कबूल करू. आपल्याकडच्या निकाहांत दहा-बारा एसयूव्हींचा ताफा निघतो, एकेका गाडीत दोन-तीन जण, सगळ्या गाड्या हॉलबाहेर एसी लावून उभ्या. काही ठिकाणी तर मुलीच्या बापाकडून अशी गाडी मागून घेतलेली असते, त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. एसटीची एक बस लिटरला चार-साडेचार किलोमीटर धावते, पण चाळीसच्या वर माणसं नेते. प्रासंगिक करारावर अशी बस मिळते. गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाच्या मुलाच्या वलीम्याला आम्ही तशी बस केली. सुरुवातीला नाकं मुरडली गेली. परत येताना पोरांनी बसमध्ये जो दंगा घातला, तो आठ गाड्यांत विभागून झाला नसता.

मशिदीत मी इमामसाहेबांना भेटलो. पुढच्या जुम्म्याला त्यांनी दोन मिनिटं इस्राफवर बोलताना गाडीचा उल्लेख केला, आणि जवळ राहणाऱ्यांनी पायी यावं, गाडी आणलीच तर इंजिन बंद ठेवून थांबावं असं सांगितलं. गल्ली काही रिकामी झाली नाही. चार मोठ्या गाड्यांपैकी दोन अजून येतात. चाचा मात्र आता नमाजनंतर रुमाल न धरता ओट्यावर बसतात.

लेकीला जून महिन्यापासून कोल्हापुरात खोली घेऊन दिली आहे. वाचलेल्यात दीडेक हजार पदरचे घालावे लागतात. तिने हिशेबाची वही बघितली, शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, “अब्बा, हे आधी का नाही मोजलं?” मी तिला उत्तर देऊ शकलो नाही.

तुमच्या दारात अशी गाडी असेल तर या महिन्यात एकदा टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि प्रत्येक फेरी लिहून ठेवा. बाकीचं ती वहीच तुम्हाला सांगेल. आणि येत्या जुम्म्याला, घर जवळ असेल तर, पायी या.